आधी वीज, मग आवाज, मग अक्षरं



मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी विषय घेऊन. तेव्हा मी आज घरातल्या कॉम्प्युटरविषयी बोलणार म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. पण आमच्या गल्लीत कुणाचा कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला, की हाक मला येते. मला त्यातलं फार कळतं असा कुणाचा समज नाही. घाई न करता एकेक गोष्ट बघत जायची सवय मला लागलेली आहे, एवढंच. ही सवय कुणालाही लागू शकते. शाळा फार झालेली असो वा नसो, इंग्रजी येत असो वा नसो. आजचं बोलणं तेवढ्यासाठीच.

आता कुणी म्हणेल, हातात मोबाईल आल्यावर टेबलावरच्या कॉम्प्युटरला विचारतो कोण? खरं आहे. पण जरा घरोघर डोकावून पाहा. दुकानाचा हिशेब त्यात आहे. हाउसिंग सोसायटीचं इतिवृत्त त्यात आहे. मुलाचा प्रकल्प, मुलीच्या लग्नाचे फोटो, लग्नपत्रिका आणि अहवाल जुळवणाऱ्या डीटीपीवाल्याची वीस वर्षांची कामं, सगळं त्याच डब्यात आहे. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांच्या तर वह्याच त्यात गेल्या. म्हणून एखाद्या सकाळी बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला, की घरात जी शांतता पसरते, ती यंत्र बिघडल्याची नसते. आतलं काही गेलं तर नाही ना, ही ती धास्ती असते.

आणि ह्या धास्तीपायी माणसं नको ते करतात. बटण दहा वेळा दाबतात. डब्याला दोन चापट्या मारतात. मग कुणीतरी सांगतं, ‘फॉरमॅट मारून टाका, नवा होईल.’ श्रोतेहो, मला मुख्य सांगायचं आहे ते हेच. यंत्र बंद पडणं आणि आपलं लिहिलेलं हरवणं, ह्या दोन वेगवेगळ्या घटना आहेत. पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच असं नाही. पुष्कळदा दुसरी घडते ती आपण पहिलीवर घाईनं उपाय केल्यामुळे.

आपल्या शहरातली पाणचक्की तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ती आहे. लांबून, डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी यायचं, उंच भिंतीवर चढायचं, तिथून हौदात कोसळायचं. त्याच्या जोरावर पातं फिरायचं आणि वरचं जातं दळू लागायचं. येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंसाठी, फकिरांसाठी तिथं पीठ दळलं जाई. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी हे गाव वसवलं आणि पुढे नहरीनं पाणी आणलं. तेव्हापासून ह्या शहराला वाहत्या पाण्याचं गणित ठाऊक आहे. पीठ पडेनासं झालं, तर जाणता माणूस जात्यावर हातोडा मारत नाही. तो आधी पाहतो, हौदात पाणी पडतंय का. नसेल पडत, तर भिंतीवर चढतंय का. तिथंही नसेल, तर नळ कुठे तुंबलाय का. उगमापासून पिठापर्यंत जी वाट आहे, तिच्यावर एकेक ठिकाणी थांबून तो बघतो.

कॉम्प्युटरचंही असंच आहे. त्यालाही उगम आहे, वाट आहे आणि पीठ आहे. भिंतीतून 230 व्होल्टची वीज येते. डब्याच्या मागच्या बाजूला जी पेटी असते, जिला आपण एसएमपीएस म्हणतो, ती ह्या विजेचं 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या बारीक धारांत रूपांतर करते. त्या धारा मदरबोर्डवर जातात. तिथं एका चिपमध्ये कारखान्यातच लिहून ठेवलेला छोटासा प्रोग्रॅम असतो. त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. तो उठतो, स्मृती म्हणजे रॅम जागेवर आहे का बघतो, की-बोर्ड बघतो, डिस्क शोधतो. डिस्क सापडली, की तिच्यावरचा आणखी एक छोटा प्रोग्रॅम उचलतो, आणि तो प्रोग्रॅम मग विंडोजला उठवतो. विंडोज उठलं, की आपलं चित्र पडद्यावर येतं.

ह्या सगळ्याला इंग्रजीत ‘बूट होणं’ म्हणतात. हा शब्द पायातल्या बुटावरूनच आला. बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून माणसानं स्वतःलाच वर उचलावं, अशी त्यामागची कल्पना. आपण म्हणू, स्वतःच्याच खांद्यावर स्वतः बसणं. कारण पेच तसाच आहे. कोणताही प्रोग्रॅम वाचायला यंत्राला आधी एक प्रोग्रॅम लागतो. मग पहिला कोण वाचणार? म्हणून अगदी थोडकी अक्षरं यंत्राच्या अंगातच कोरून ठेवलेली असतात. त्या अक्षरांच्या जोरावर ते पुढचं वाचतं. लहान मुलाला आधी मुळाक्षरं द्यावी लागतात, मग पुस्तकं, तसंच हे.

तर आता वाटेनं चालू. पहिला मुक्काम, वीज. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दिवा नाही, पंख्याची घरघर नाही. अशा वेळी डबा उघडू नका. ज्या सॉकेटमध्ये कॉम्प्युटर लावलाय, त्यात मोबाईलचा चार्जर किंवा टेबललॅम्प लावून बघा. तो चालला, तर मागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवा. एसएमपीएसच्या मागे एक लहान खटका असतो, तो झाडू मारताना, टेबल सरकवताना बंद झालेला असतो. हसू नका, हे फार वेळा निघतं.

आपल्या मराठवाड्यात आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे यूपीएस. भारनियमनाच्या काळात, 2005 नंतरच्या त्या वर्षांत, तासन्‌तास वीज जायची. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरबरोबर यूपीएस आला. तो आजही कित्येक टेबलांखाली धूळ खात पडलाय. त्यातली बॅटरी काही वर्षांत थकते, आणि असा थकलेला यूपीएस कित्येकदा वीज पुढे जाऊच देत नाही. आपल्याला वाटतं कॉम्प्युटर गेला. यूपीएस बाजूला करा, कॉम्प्युटरची वायर सरळ भिंतीत लावा. निम्मी भांडणं इथंच मिटतात. लॅपटॉप असेल, तर चार्जर काढा, बॅटरी निघण्यासारखी असेल तर तीही काढा, सुरू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग पुन्हा चार्जर लावून बघा. आत साचलेली वीज निघून जाते आणि पुष्कळ लॅपटॉप उठून बसतात.

एक ताकीद मात्र देतो. एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही तिच्यात बराच वेळ वीज साठून राहते आणि ती जबर झटका देऊ शकते.

दुसरा मुक्काम, आवाज. दिवा लागला, पंखा फिरतोय, पण पडदा काळा. आधी मॉनिटरची स्वतःची वीज आणि डब्याकडून येणारी केबल बघा. मग कान द्या. सुरू होताना यंत्र स्वतःची तपासणी करतं आणि काही अडलं तर शिट्टीसारखे आवाज काढतं. 1981 मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसीपासूनची ही रीत आहे. पडदाच चालत नसेल तर तक्रार सांगायची कशी, म्हणून हे आवाज. पुष्कळ यंत्रांत एक छोटा आवाज म्हणजे सगळं ठीक. लांब आवाज पुनःपुन्हा आला, तर बहुधा रॅमची तक्रार. आवाजांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, म्हणून किती लांब आणि किती तोकडे, हे कागदावर लिहून घ्या. नव्या यंत्रांत आवाजाऐवजी मदरबोर्डवर बारीक दिवे लागतात, तेही टिपून ठेवा.

रॅमची पट्टी लहानशीच असते. आपल्याकडची धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा तिच्या सोनेरी दातांवर बसते. सगळी वीज बंद करून, वायर काढून, डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्यावी. मग पट्टी काढून दातांवरून साधा खोडरबर अगदी हलक्या हातानं फिरवावा, भुगा झटकून टाकावा आणि पट्टी ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. दुरुस्तीवाले हेच करतात. ज्याचा हात स्थिर आहे त्यानं करावं, नसेल त्यानं करू नये.

उन्हाळ्यात वेगळा प्रकार होतो. कॉम्प्युटर सुरू होतो, दोन-चार मिनिटं चालतो आणि धाडकन बंद पडतो. थोड्या वेळानं पुन्हा सुरू होतो, पुन्हा बंद. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. आतल्या पंख्यावर धुळीचा गालिचा बसलेला असतो. प्रोसेसर तापला, की जळू नये म्हणून यंत्र स्वतःच झोपतं. तो बिघाड नाही, तो बचाव आहे. मऊ ब्रशनं धूळ काढा, मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि कॉम्प्युटरवर टाकलेलं ते विणकामाचं आच्छादन चालू असताना काढून ठेवा.

तिसरा मुक्काम, अक्षरं. पडद्यावर काहीतरी उमटतं आणि तिथंच अडतं. इंग्रजी दिसलं, की आपली माणसं न वाचताच घाबरतात. अहो, ते यंत्राचं बोलणं आहे. मोबाईलनं त्याचा फोटो काढून ठेवा. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असं काही लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ, ‘जिच्यावरून उठायचं ती डिस्क मला सापडली नाही.’ कित्येकदा कारण एवढंच असतं, की पेन ड्राइव्ह मागेच राहिलाय आणि यंत्र त्यालाच डिस्क समजतंय. पूर्वी फ्लॉपी आत राहिली तरी असंच व्हायचं. तारीख-वेळ चुकल्याची तक्रार असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलाय. सीआर 2032 असं त्याचं नाव, तीन व्होल्टचा असतो, घड्याळजीकडेही मिळतो. आणि डिस्कमधून घड्याळाच्या काट्यासारखी टकटक ऐकू आली, तर मात्र तत्काळ यंत्र बंद करा. जुन्या डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला 5400 किंवा 7200 वेळा फिरतात आणि वाचणारी सुई त्यांना न टेकता केसाहूनही कितीतरी बारीक अंतरावरून जाते. तिथं काही बिनसलं असेल, तर प्रत्येक वेळी पुन्हा सुरू करणं म्हणजे लिहिलेलं आणखी खरवडणं.

विंडोजचं चिन्ह येऊन अडलं असेल, तर सेफ मोड म्हणून एक वाट असते. तिच्यात विंडोज अगदी गरजेपुरती माणसं बरोबर घेऊन उठतं. तिथून अलीकडे घातलेलं काही काढून टाकता येतं. हे फक्त घरगुती यंत्रांना लागू आहे असं समजू नका. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीकडून आलेल्या एका सदोष अपडेटनं जगभरातले विंडोजचे कॉम्प्युटर उठेनासे झाले. मायक्रोसॉफ्टनं त्यांचा आकडा सुमारे 85 लाख सांगितला. विमानं अडली, दवाखाने अडले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. आणि उपाय काय होता? पुष्कळ ठिकाणी माणसानं एकेका यंत्रासमोर जाऊन बसायचं, ते सेफ मोडमध्ये सुरू करायचं आणि एक फाईल काढून टाकायची. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही शेवटी वाटेवरचा नेमका मुक्काम शोधावा लागला. फॉरमॅट मारा, असं कुणी म्हणालं नाही.

आता ‘फॉरमॅट’विषयी. ह्या एका शब्दासाठी मी आज इथं आलोय. एक हकीकत सांगतो.

2019 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या गल्लीत एक मास्तर राहायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आमच्या घरांतून जी बोली बोलली जाते, दखनी, तिचे शब्द आणि म्हणी ते गोळा करत आणि त्यांचा अर्थ मराठीत टाइप करून ठेवत. वर्षानुवर्षं हे चाललेलं. हिवाळ्यात मास्तर वारले. त्यांच्या मागे त्यांचा कॉम्प्युटर कापड टाकून, वायर काढून कोपऱ्यात ठेवलेला होता. मे महिन्यात मुलगी माहेरी आली आणि अब्बांचे कागद छापून घेऊ या म्हणाली. बटण दाबलं, तर निळा पडदा येऊन यंत्र आपोआप पुन्हा सुरू व्हायचं, पुन्हा निळा पडदा. दुरुस्तीला एक मुलगा बोलावला. त्यानं पाच मिनिटं पाहिलं आणि सांगितलं, विंडोज उडालंय, सगळं साफ करून नवं टाकावं लागेल.

खालांनी मला बोलावणं धाडलं. मी गेलो तर त्या दारातच म्हणाल्या, “बेटा, ये चालूच नई होरा. वो छोरा बोला, सब साफ करना पडता. सब मतलब क्या-क्या?”

श्रोतेहो, ‘सब मतलब क्या-क्या’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. कुणीही फॉरमॅट म्हणालं, की आपण हाच प्रश्न विचारायला हवा. सगळं म्हणजे काय काय?

मी खालांना म्हटलं, “आज कुणी काही साफ करणार नाही.” मग वाट धरली. वीज ठीक. आवाज ठीक. अक्षरं बघायला लागलो, तर निळ्या पडद्याच्या आधी एक ओळ झर्रकन येऊन जात होती. फोटो काढून वाचली. घड्याळ चुकलंय, नेहमीची मांडणी घातली आहे, अशा अर्थाची ती ओळ. तारीख बघितली, तर यंत्र कित्येक वर्षं मागे, एक जानेवारीला जाऊन बसलेलं. माझी धाव तेवढीच. पुढचं मी जाणत्या माणसावर सोडलं. पैठण गेटकडे एक वयस्कर दुरुस्तीवाले माझ्या ओळखीचे आहेत, त्यांच्याकडे डबा रिक्षात घालून नेला.

त्यांनी आधी डिस्क बाहेर काढली. एका डबीत बसवून ती यूएसबीनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली. मास्तरांच्या साऱ्या फाईली तिथं होत्या, त्या आधी उतरवून घेतल्या. दुरुस्तीला हात त्यानंतर लावला. मग बिघाड सांगितला. चार महिने वायर काढलेली असल्यानं तो नाण्याएवढा सेल संपला होता. त्या सेलच्या जोरावर बायोस आपल्या नोंदी जपतो. डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलायचं, हीसुद्धा त्यातली एक नोंद. सेल संपला, नोंद पुसली गेली, यंत्र दुसऱ्याच पद्धतीनं डिस्कशी बोलू लागलं आणि जुन्या विंडोजला ते कळेना. म्हणून निळा पडदा. नवा सेल घातला, ती एक नोंद पूर्वीसारखी केली, आणि मास्तरांचा कॉम्प्युटर मास्तरांच्या वेळी जसा उठायचा तसा उठला. विंडोज उडालेलं नव्हतंच.

ह्या हकीकतीला एक पुरवणी आहे, ती लिहिणाऱ्या मंडळींनी नीट ऐकावी. दुकानातल्या कॉम्प्युटरवर आम्ही मास्तरांची फाईल उघडली, तेव्हा मराठी दिसलंच नाही. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांचा नुसता चिवडा. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिला वाटलं सगळं नासलं. नासलेलं काही नव्हतं. आपल्याकडे पूर्वी जे मराठी फॉन्ट वापरले जायचे, त्यांच्यात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असायचे. तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही, तिथं खालचं इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःच्या जागा 1991 पासून आहेत, पण आपल्याकडच्या छपाईच्या कामात ते रुळायला बरीच वर्षं गेली. मास्तरांचं यंत्र सुरू झाल्यावर त्यात तो फॉन्ट होता, अक्षरं जशीच्या तशी उभी राहिली. मग ती युनिकोडमध्ये बदलून घेतली. अशी रूपांतर करणारी साधनं आता सहज मिळतात. तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधलं काही असेल, तर यंत्र धड आहे तोवर ते बदलून ठेवा, आणि चिवडा दिसला म्हणून फाईल पुसू नका.

पडद्यावर पहिलं पान आलं. ‘परसों’ ह्या शब्दापुढे मास्तरांनी लिहिलं होतं, की दखनीत त्याचा अर्थ नेमका परवा असा नसतो, मागे कधीतरी, असा असतो. खाला ते ऐकून हसल्या. त्या घरात बऱ्याच महिन्यांनी कुणी हसलं होतं.

आता दुरुस्तीला देताना काय सांभाळावं, ते थोडक्यात सांगतो. ‘बिघडलाय’ एवढंच सांगू नका. काय होतं, केव्हापासून, कोणता आवाज, कोणती ओळ, हे सांगा. फोटो दाखवा. पावतीवर स्वच्छ अक्षरांत लिहून घ्या, ‘विचारल्याशिवाय माहिती पुसू नये.’ बदललेला भाग परत मागा. पडद्यावर एकाएकी नंबर आला आणि फोन करा म्हणाला, किंवा ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड झालाय’ असं सांगणारा अनोळखी फोन आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. ती ठकबाजी असते.

आणि नव्या यंत्रांची एक गोष्ट. मास्तरांची डिस्क काढून दुसरीकडे वाचता आली, कारण तिला कुलूप नव्हतं. आता विंडोज 11 च्या पुष्कळ यंत्रांत डिस्कला आपोआप कुलूप लागतं. चोरीपासून बचाव म्हणून ते चांगलंच. पण त्याची 48 आकड्यांची एक किल्ली असते. काही अडलं, की यंत्र ती मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते. यंत्र चालू आहे तोवर ती शोधून कागदावर उतरवून घ्या. ती नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही कुणी काही करू शकत नाही. नव्या एसएसडी डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, त्यामुळे जाण्याआधी ती टकटकही करत नाही. इशाऱ्याची वाट पाहत बसण्याची सोय आता राहिलेली नाही.

म्हणून शेवटी प्रश्न येतो तो प्रतींचा. इथून पन्नास किलोमीटरवर पैठण आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथ महाराजांनी तिथं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. मूळ ग्रंथाला तोवर तीनशेच्या आसपास वर्षं होत आली होती. नकलाकारांच्या हातून पाठ बदलले होते, भर पडली होती. पण नाथांना ते काम करता आलं, कारण समोर प्रती होत्या. कुणी कुणी रात्री जागून उतरवून ठेवलेल्या. एकच प्रत असती आणि ती वाळवीनं खाल्ली असती, तर शुद्ध कशाला करणार होते? आपली परंपराच नकलेवर जगलेली आहे. आपण मात्र सगळं एका डब्यात ठेवतो आणि त्यावर कापड टाकतो.

फार खर्च लागत नाही. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये. एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर, जी नेहमी जोडलेली नसते, म्हणजे विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जाणार नाहीत. एक प्रत घराबाहेर, बहिणीकडे, मित्राकडे किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. पेन ड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षांच्या साठवणीला भरवशाचा नाही. आणि जे फार जिवाचं आहे, ते कागदावर छापून ठेवा. कागदाला बूट व्हावं लागत नाही. मास्तरांची पानं आम्ही छापून, शिवून तीन प्रती केल्या. एक खालांकडे, एक मुलगी सासरी घेऊन गेली, तिसरी माझ्या कपाटात आहे. वेळप्रसंगी तिन्ही घरांपैकी एक तरी राहील.

तर श्रोतेहो, तुमचा कॉम्प्युटर आज चालू असेल, तर हीच योग्य वेळ. किल्लीचे ते आकडे वहीत उतरवा. जुन्या फॉन्टमधलं एक तरी पान उघडून बघा. घरातल्या कुणाचं काय त्या डब्यात आहे, ते एकदा त्यांनाच विचारा. आणि कधी तो उठलाच नाही, तर आधी वीज, मग आवाज, मग अक्षरं. तोवर कुणालाही काही पुसू देऊ नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)